मालकाच्या फटफटीचा काटा

आमच्या गावात कोणी जुन्या मालगुजाराचं कौतुक सुरू केलं की मी उठून जातो. "काय दिलदार मानूस होता गा!" म्हणतात. होता ना. दुसऱ्याच्या जिवावर दिलदार. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तो मालकही जाऊन जमाना झाला, पण माझा राग काही गेला नाही. नातवंडं म्हणतात, आबा, कायले एवढे तापता? अरे, मी त्या माणसाची फटफटी दुरुस्त केली आहे. मला विचारा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची गोष्ट. मी गोंदियाला एका राइस मिलीत फिटर होतो. तेलाच्या इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय दुखतं ते सांगायचो, आणि तसं सांगताना जरा कॉलर ताठ करूनच सांगायचो. मिलीचा शेठ मला "मिस्त्री" म्हणायचा. घर मात्र गावीच, तिरोड्याच्या बाजूला. आई नव्हती. बाबा एकटे धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले वावराचे तुकडे, कसायचे. त्या बांध्या तलावापासून सगळ्यात लांब, पाटाच्या शेपटाला. पाणी पोचलं तर सगळ्यात शेवटी पोचायचं.

तलाव मालकाचा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून पाणी सोडायला जे भोक ठेवलेलं असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. लाकडाचा दट्ट्या ठोकून ते बंद करतात. तो दट्ट्या काढायचा कोतवालानं, पण शब्द मालकाचा. मालक "हव" म्हणाला तर पाणी, नाहीतर बसा आभाळाकडे बघत.

त्या वर्षी हत्ती, म्हणजे हस्त नक्षत्र, कोरडाच गेला. दसरा झाला तरी एक सर नाही. हलका धान पिकायला आला होता, त्याचं भागलं. बाबांचा धान भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, तो नेमका गर्भात होता. लोंब पोटात धरून उभा. अशा वेळी एक पाणी मिळालं तर घरात धान, नाही मिळालं तर नुसती तणस, वाळका पेंढा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मालकाला कळत नव्हतं असं नाही.

बाबांनी निरोप पाठवला, ताबडतोब ये. मला वाटलं, म्हातारा आजारी पडला. सायकल हाणत गेलो तर बाबा दारात धडधाकट उभे.

"मालकाची फटफटी बिघडली," बाबा म्हणाले. "तू नीट करून दे. मंग पानी सोडतो म्हनते."

"मंग? पानी काय त्याच्या बापाचं आहे?"

"तलाव त्याच्याच बापाचा व्हय ना गा," बाबा शांतपणे म्हणाले.

मला बाबांचा हा शांतपणा कधीच आवडला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि हा माणूस चिलीम भरत बसायचा. मी म्हटलं, मी मिलीत काम करतो, मालकाचा गडी नाही. बाबांनी पंचा खांद्यावर टाकला. मला बांधीवर घेऊन गेले. जमिनीला भेगा पडल्या होत्या, माझी बोटं आत जातील एवढ्या. बाबांनी एक कांडी उपटली, नखानं सोलली आणि आतली लोंब माझ्या तळहातावर ठेवली. बारीक, पांढरी, ओली.

"अजून जीव आहे," ते म्हणाले. "चार-पाच दिवसांनी नाही राहनार."

मग मी पाना-पेचकस घेऊन मालकाच्या अंगणात गेलो.

मालक चाळिशीचा असेल. धोतरावर कोट, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. गाडी त्यानं नागपूरला, विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. साहेबानं ती वापरून वापरून खिळखिळी केल्यावर विकली होती, पण मालकाला कोण सांगणार? गावातली कुत्री त्या गाडीच्या आवाजानं पळून शेजारच्या गावात जायची. हँडलच्या मधोमध काचेचं गोल मीटर, त्यात मैल दाखवणारा काटा. सगळं दुखणं तिथं होतं.

"काय होऊन राहिलं मालक?"

"होऊन काय राहिलं! काटा उड्या मारून राहिला. साठावर जाते, धपकन दहावर येते, पुन्हा साठावर. तिथं थांबतच नाही साला. परवा तिरोड्याकडून व्याही येऊन राहिले. त्यायनं मोटार घेतली तवापासून नाकानं कांदे सोलून राहिले. त्यायले मागं बसवून दाखवतो. मले काटा थांबलेला पाहिजे, समजला?"

"काटा थांबवून देतो. पन तुडूम आजच उघडा मालक. धान वाळून राहिला."

"पहले काम, बाद में पानी," मालक हिंदीत म्हणाला. रुबाब दाखवायचा असला की तो हिंदीत बोलायचा.

बघा, काय मागणी! गाडी चालत होती. इंजिन ठीक, ब्रेक बरे, टायर जुने पण धड. एक काटा हलतो म्हणून अख्ख्या शेपटाच्या बांध्या वाळवत ठेवल्या होत्या. आणि त्या एकट्या बाबांच्या नव्हत्या, आणखी कितीतरी घरांच्या होत्या. पण बाकीच्यांची पोरं फिटर नव्हती, म्हणून घोडं आमच्यावर येऊन अडलं.

काटा का उडतो ते आधी सांगतो. पुढच्या चाकाशी दातऱ्यांची, म्हणजे दातेरी चाकांची, एक छोटी डबी असते. तिच्यातून एक पीळ दिलेली तार नळीतून वर मीटरपर्यंत जाते. चाक फिरलं की तार फिरते, तार फिरली की काटा चढतो. इतकं सोपं. मी बघितल्याबरोबर जाहीर केलं, खालची दातरी झिजली. चार लोक बघायला जमले होते, त्यांच्यासमोर छातीठोक सांगितलं. चाक काढलं, डबी खोलली. दातरी नव्यासारखी कोरी! सगळी सकाळ वाया गेली. चूक माझी आणि राग मी पान्यावर काढला, फेकला तो थेट तुळशीच्या ओट्यापाशी. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, पाना उचलून पुसला आणि माझ्या हातात आणून दिला.

मग वरून तार काढायला गेलो तर ती निघेना. मीटरखाली तार आवळून धरणारी चकती तर हातानं फिरत होती, आधी कोणीतरी ती खोललेली. पकडीनं धरून ओढली तेव्हा तार कुरकुरत बाहेर आली, आणि वास सुटला. खवट, आंबूस. तार पिवळीधम्मक. बोट लावलं तर चिकट. मिलीत मी हर तऱ्हेचं तेल पाहिलं होतं, असं पिवळं वंगण जन्मात पाहिलं नव्हतं. हुंगून बघितलं. हळद!

मालकाचा जुना गडी खांबाआड उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो आत सटकायला लागला. धरला त्याला.

"काय टाकलं बे याच्यात?"

"मी नाही गा. मोठ्या बाईनं सांगतलं."

मोठी बाई म्हणजे मालकाची आई. ती स्वतःच बाहेर आली, काठी टेकत. "मीच लावाले सांगतलं," ती म्हणाली. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायची खांद शेकतो का नाही? लोनी-हळद लावतो का नाही? हे जनावर माह्या पोराले पाठीवर घेऊन हिंडते. त्याची खांद काऊन नाही शेकायची?"

हँडलखाली गाडीची खांद समजून त्या लोकांनी कोमट लोणी आणि हळद चोळली होती. चोळता चोळता चकती सैल झाली, तेव्हा गड्याला वाटलं की जनावर तोंड उघडून मागतं आहे, आणि त्यानं वाटीभर आत ओतलं. वर म्हातारीनं गाडीच्या कानाशी, म्हणजे हँडलवरच्या आरशाशी, तोंड नेऊन बैलांना देतात तसं रीतसर आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गडी हे सगळं सांगत होता आणि बाबा पंच्याच्या टोकात तोंड लपवून हसत होते. हसायचा मीही प्रयत्न केला.

"बाई, हे लोखंड आहे," मी म्हटलं.

"नांगराचा फाळ का सोन्याचा असते? त्याची बी पूजा करतोच ना?"

म्हातारीचा मला राग आला नाही, खरं सांगतो. त्या घरात वाईट भावनेनं न केलेलं एवढं एकच काम मला दिसलं.

पोळ्याला ओतलेलं लोणी नळीत आंबलं, गोठलं, तारेला गंज चढला. तार अडायची, पीळ भरायचा, मग झटक्यात सुटायची. सुटली की काटा टुणकन साठावर. म्हणजे ते साठ गाडीचे नव्हतेच. ती तारेची उसळी होती. हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं की मालक ज्या साठावर भाळला आहे ते खोटं आहे. पण माझं डोकं बांधीत होतं. तुडूम उघडायचं म्हणून मी भराभर हात चालवत होतो.

नळी घासलेटनं धुतली, धुतली, पुन्हा धुतली. तारेचा गंज काढला, तुटके धागे छाटले, मिलीतून आणलेलं ग्रीस हलक्या हातानं लावलं. सगळं जोडून पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. काटा सावकाश वर चढला आणि जिथं चढला तिथं थांबला. जरासुद्धा थरथर नाही. माझी छाती फुगली. मालकाला सांगितलं, झालं काम. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, व्याही येऊ दे, मग बघू.

"आनि पानी?"

"कहा ना, बाद में!"

म्हणजे आणखी एक दिवस गेला. बाबा घागरीनं विहिरीचं पाणी नेऊन बांधीच्या एका कोपऱ्यात ओतत होते. एवढ्या मोठ्या बांधीत घागरभर पाणी! मी ओरडलो, "बाबा, कायले मरून राहिले?" ते म्हणाले, "बसून तरी काय करू?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, व्याही आले. गोल चेहरा, तोंडात पान, हसरे. मोटार त्यांची तिरोड्यालाच होती, आले छकड्यानं, कारण पुढच्या वाटेवर मोटार चालत नव्हती. मालकानं त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, सरळ गाडीवर मागं बसवलं. अंगणात अर्धं गाव उभं. फटफटी धूर काढत गेली, तलावाच्या वाटेला लागली, दिसेनाशी झाली. मी बाबांना म्हटलं, आता बघा, दुपारपर्यंत पाणी.

गाडी परत आली तेव्हा व्याही खोखो हसत होते. डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. मालकाचा चेहरा काळानिळा.

"पस्तीस!" व्याही म्हणाले. "काटा पस्तीसच्या वर जायले तयारच नाही! व्याहीबुवा, तुमी तर साठ सांगून राहिले होते!"

मालक गाडीवरून उतरला आणि थेट माझ्या अंगावर आला. "क्या किया रे तूने? साठ जाती थी मेरी गाडी! पस्तीस कशी झाली?"

"मालक, गाडी पस्तीसच जाते. पहले काटा खोटं दाखवत होता. आता खरं दाखवते."

"गाडी बिघडवली माझी!"

"बिघडवली नाही, नीट केली! जितकी पळते तितकंच दाखवनार ना! जुनी गाडी, दोन मानसं, मुरमाची वाट. साठ कुठून जाईल? तुमच्या आईनं तारेत लोनी..."

बाबांनी माझा दंड धरला, पण वेळ निघून गेली होती. सगळ्या गावासमोर, व्याह्यासमोर मी मालकाला खोटं पाडलं होतं. मालकानं कोतवालाकडे बोट केलं. "तुडूम उघडायचं नाही. दिवाळीपर्यंत नाही. समजलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातात पाना होता. मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी तो पाना त्या काळ्या चष्म्यावर घातलाच असता. पण मधे बाबा आले. माझा बाप, साठी ओलांडलेला, अंगणाच्या धुळीत वाकला आणि त्यानं त्या माणसाच्या बुटांवर डोकं ठेवलं.

"पोट्ट्याचं डोकं गरम आहे मालक. त्याले समजत नाही. तो साठ करून देते. आत्ता करून देते. पन पानी द्या."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं लोक हसत हसत म्हणतात. ज्याच्या बापानं धरले त्याला हसू येत नाही. मला मालकाचा राग आला, हसणाऱ्या व्याह्याचा आला, खाली माना घालून उभ्या असलेल्या गावाचा आला, पण सगळ्यात जास्त बाबांचा आला. मी त्यांना उठवायला गेलो तर ते उठेनात. तसेच खालून माझ्याकडे बघून म्हणाले, "कर गा."

मी केलं. मीटरची काच काढली, काटा त्याच्या खुंटीवरून उपटला आणि पुढे सरकवून पुन्हा बसवला. आता गाडी पस्तीस गेली की काटा साठावर. उभ्या गाडीचा काटा मात्र शून्यावर येणार नव्हता, पंचविसावर थांबणार होता. हे कोणालाही दिसलं असतं. मी मुद्दाम काही झाकलं नाही.

मालक व्याह्यांना घेऊन पुन्हा गेला. परत आला तेव्हा चेहरा उजळलेला. "साठ! एक तीळभर हलला नाही! सांगा व्याहीबुवा, सांगा सगळ्यायले!"

व्याही उतरले. गाडी बंद झाली होती आणि काटा पंचविसावर तसाच उभा. त्यांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माणूस हुशार होता, सगळं समजला. पान चघळत म्हणाले, "जोरदार गाडी आहे बाप्पा. उभी राहून बी पळते." आणि मालकानं, देवाशप्पथ सांगतो, ती तारीफ समजून मिशीवर हात फिरवला.

"जा, तुडूम उघड," तो कोतवालाला म्हणाला. जणू भिकाऱ्याला भाकर घालतो आहे.

दुपार कलली तेव्हा पाटानं पाणी आमच्या बांधीपर्यंत आलं. आधी पाचोळा आणि फेस पुढे ढकलत आलं, मग भेगांत शिरायला लागलं. जमीन गुडगुड आवाज करत पीत होती. बाबा फावडं घेऊन बांधावर उभे होते, पाय चिखलात. त्यांच्या कपाळाला मालकाच्या अंगणातली धूळ अजून होती, त्यांनी पुसली नव्हती. ती बघून मला राहवलं नाही. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं त्यांच्यावरच ओतलं.

"तुमाले लाज नाही वाटली? गावासमोर त्याच्या बुटावर डोकं ठेवलं! मी त्याले सरळ केला असता. तुमाले राग कसा येत नाही बाबा? कोनत्या मातीचे बनले तुमी?"

बाबांनी वर बघितलं नाही. पाण्याची धार जिथं बांधाला लागत होती तिथं मातीचं एक ढेकूळ ठेवलं.

"आला होता एकदा," ते म्हणाले. "याच्या बापाच्या वक्ताले. असाच हत्ती कोरडा गेला होता. त्यानं मले घरच्या कामाले बोलावलं, मी नाही गेलो. पाळीवर उभा राहून चार मानसायसमोर शिवी देल्ली त्याले. लोकायनं लय वाहवा केली माही. पानी नाही भेटलं."

"मंग?"

"धान झालाच नाही. घरात दाना नव्हता. तुह्या मायनं मोहफुलं उकडून घातली, मंग फुलंबी सरली. तुहा मोठा भाऊ होता तवा, दीड-दोन वर्साचा. तो उन्हाळा त्यानं नाही काढला."

मला एक मोठा भाऊ होता आणि तो तापानं गेला, एवढंच घरात मला सांगितलेलं होतं. आई वारली तोवर तीही तापच म्हणत होती.

बाबांनी फावडं माझ्यापुढे धरलं. "वरची बांधी भरत आली," ते म्हणाले. "खालचा बांध फोड. अंधार पडेतो कोतवाल दट्ट्या ठोकून देईल."

माझा राग गेला नाही, आणखी वाढला, आणि तो कुठं ठेवावा ते मला कळेना. मी फावडं घेतलं आणि खालचा बांध फोडायला गेलो.